बॅटरीची पूड आणि मायक्रॉनची प्रयोगशाळा

अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात गेदर्सबर्ग इथं ‘निस्ट’ या सरकारी संस्थेचा मोठा परिसर आहे. मापनशास्त्र आणि मानकं सांभाळणारी ही त्या देशाची राष्ट्रीय संस्था. २००४ साली तिथं नवी प्रगत मापन प्रयोगशाळा उघडली, तेव्हा तिच्या पाचपैकी दोन इमारती मुद्दाम जमिनीखाली बांधल्या होत्या. वरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकचा हादरा नको आणि उन्हाची तिरीपही नको, हा त्यामागचा हेतू. यातल्या काही खोल्यांत तापमान अंशाच्या शंभराव्या हिश्श्याइतकं स्थिर ठेवता येतं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते एका पोलादी ठोकळ्याकडे बघून कळतं. शंभर मिलिमीटर लांबीचा, आरशासारखा घासलेला हा ठोकळा म्हणजे गेज ब्लॉक. आपल्याकडच्या कारखान्यांत त्याला स्लिप गेज म्हणतात. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे ठोकळे काढले. दोन ठोकळ्यांचे गुळगुळीत चेहरे एकमेकांवर दाबून सरकवले की ते चिकटतात, आणि मोजक्या ठोकळ्यांतून हवी ती लांबी उभी करता येते. असा ठोकळा प्रयोगशाळेत आला की लगेच कुणी मोजायला घेत नाही. तो यंत्राशेजारी ठेवून देतात, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत. लांबी २० अंश सेल्सिअसलाच सांगायची हा १९३१ पासूनचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, आणि शंभर मिलिमीटर पोलाद एका अंशाला साधारण १.१५ मायक्रॉन वाढतं. अनिश्चितता मायक्रॉनच्या तीन शतांशांत ठेवायची असेल, तर अंशाच्या चाळिसाव्या हिश्श्याचाही हिशेब द्यावा लागतो. ठोकळा नुसता बोटांत धरला तरी त्याची लांबी बदलते. मग लेझरच्या तरंगलांबीशी तुलना होते आणि शेवटी हाती येतो एक कागद. त्यावर एक आकडा आणि त्या आकड्याची अनिश्चितता.

आता असा विचार करा, की तुम्हाला या प्रयोगशाळेचं मूल्यमापन करायला पाठवलंय. सरकारचा पैसा सत्कारणी लागतोय का, हे सांगायचंय. कसं सांगाल? इथं औषध तयार होत नाही, रॉकेट उडत नाही. काम उत्तम चाललं असेल तर बाहेर काहीच घडत नाही; दूरच्या एखाद्या कारखान्यात बेअरिंग आपल्या जागी निमूट बसतं, एवढंच. आणि काम बिघडलं तरी ते वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात न येण्याचीच शक्यता जास्त.

या प्रश्नाला अमेरिकेने जे उत्तर शोधलं, ते एका भांडणातून निघालं.

निस्टचं १९८८ पर्यंतचं नाव नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या एका कंपनीने मोटारीच्या बॅटरीत टाकायची एक पूड बाजारात आणली. नाव ‘एडी-एक्स टू’. मालक जेस रिची हा बोलका आणि चिवट माणूस. ही पूड टाकली की मरायला टेकलेली बॅटरी पुन्हा धावू लागते, असा त्याचा दावा होता. ब्युरोला अशा पुडी नव्या नव्हत्या. १९३१ सालीच त्यांनी या प्रकाराविरुद्ध एक परिपत्रक काढलं होतं. या नव्या पुडीतही मुख्यतः सोडियम सल्फेट आणि मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे आपल्याकडे पायाची सूज उतरावी म्हणून गरम पाण्यात टाकतात तेच एप्सम सॉल्ट आणि त्याचं भावंड. ब्युरोने चाचण्या केल्या आणि निष्कर्ष दिला: काही उपयोग नाही.

रिचीने हार मानली नाही. समाधानी गिऱ्हाइकांची पत्रं गोळा केली, लोकप्रतिनिधींचे उंबरे झिजवले. एका छोट्या उद्योजकाला सरकारी शास्त्रज्ञ चिरडतायत, असं चित्र उभं राहिलं. १९५३ च्या जानेवारीत आयझेनहॉवर यांचं सरकार आलं. वाणिज्यमंत्री सिंक्लेअर वीक्स उद्योगजगतातून आलेले. बाजारात माल विकला जातोय, गिऱ्हाईक खूश आहे, मग प्रयोगशाळेचं एवढं काय ऐकायचं, असा त्यांचा सूर होता. मार्चमध्ये त्यांनी ब्युरोचे संचालक ॲलन ॲस्टिन यांना राजीनामा द्यायला लावला.

देशभरातले शास्त्रज्ञ खवळले. ब्युरोतल्या अनेकांनी नोकरी सोडायची तयारी दाखवली. वर्तमानपत्रांनी विषय उचलून धरला आणि वीक्स यांना पाऊल मागं घ्यावं लागलं. ऑगस्टपर्यंत ॲस्टिन कायमचे आपल्या खुर्चीवर परतले. पुढच्या गोष्टीच्या दृष्टीने महत्त्वाच्या ठरल्या त्या या गदारोळात नेमलेल्या दोन समित्या. पहिली राष्ट्रीय विज्ञान अकादमीची, फक्त पुडीपुरती. तिने नोव्हेंबर १९५३ मध्ये सांगितलं, की ब्युरोचं काम उत्तम दर्जाचं होतं आणि पुडीत काही दम नाही. दुसरी समिती बेल लॅब्जच्या मर्विन केली यांची. तिच्यापुढचा प्रश्न पुडीहून कितीतरी मोठा होता: ब्युरोने मुळात करायचं काय?

केली समितीने ब्युरोला शाबासकी दिली आणि दुखणंही दाखवलं. युद्धकाळापासून शस्त्रास्त्रांची कामं इतकी वाढली होती, की मापनाचं मूळ काम मागं पडलं होतं. ती कामं संरक्षण खात्याकडे गेली आणि त्यांच्यासोबत सुमारे दोन हजार माणसंही. समितीची दुसरी सूचना अशी, की ब्युरोच्या तांत्रिक विभागांना बाहेरच्या जाणकारांच्या सल्लागार समित्या जोडाव्यात. १९५९ पासून ही जबाबदारी विज्ञान अकादमीच्याच नॅशनल रिसर्च कौन्सिलकडे आली. तेव्हापासून बाहेरची तज्ज्ञमंडळं या प्रयोगशाळांची पाहणी करत आली आहेत. एका निरुपयोगी पुडीने एवढी टिकाऊ व्यवस्था मागं ठेवली, ही गंमतच म्हणायची.

ही पाहणी होते कशी? निस्टच्या उत्पादन अभियांत्रिकी प्रयोगशाळेचं उदाहरण घेऊ. कारखानदारीशी थेट नातं असलेली ही प्रयोगशाळा. अचूक लांबी-मापन, बल आणि कंपन यांचं मापन, यंत्रमानव, कारखान्यातली संगणकप्रणाली, अशी तिच्या विभागांची कामं. २००८ आणि २०१० साली कौन्सिलच्या मंडळांनी तिचं मूल्यमापन केलं. मंडळात विद्यापीठांतले प्राध्यापक, कंपन्यांतले संशोधनप्रमुख, इतर प्रयोगशाळांतले अनुभवी लोक. यांना मानधन नसतं. हितसंबंध आधी तपासले जातात. मंडळी येतात, दोन-तीन दिवस राहतात, सादरीकरणं ऐकतात, प्रयोगशाळांतून फिरतात, आणि साहेब जवळ नसताना तरुण संशोधकांशी बोलतात. मग अहवाल लिहिला जातो, तोही आणखी काही तज्ज्ञ तपासतात आणि शेवटी तो जाहीर होतो. कुणालाही वाचता येतो.

प्रश्न थोडेच असतात. जगातल्या उत्तम कामाच्या तुलनेत इथलं काम कुठं उभं आहे? संस्थेच्या उद्दिष्टाशी ते जुळतं का? जागा, उपकरणं आणि माणसं पुरेशी आहेत का? ठरवलेलं पार पडतंय का आणि ज्यांना हवं त्यांच्यापर्यंत पोचतंय का? कागदावर हे सरळ वाटतं. पण पहिल्या आणि शेवटच्या प्रश्नाचं आपसात पटत नाही, आणि खरं घोडं तिथंच अडतं.

सीएमएमची गोष्ट बघा. सीएमएम म्हणजे तीन अक्षांवर सरकणारं मोजयंत्र. त्याची बारीक माणकाची टोकणी जॉबला, म्हणजे तपासायच्या भागाला, ठिकठिकाणी स्पर्श करते आणि प्रत्येक बिंदूचे सहनिर्देशक टिपते. अशा यंत्राची अचूकता वाढवायची म्हणजे मार्गिका अधिकाधिक सरळ घासायच्या, कोन काटेकोर काटकोनात आणायचे. महागडं आणि कसबी कारागिरांचं काम. सत्तरच्या दशकात ब्युरोतल्या रॉबर्ट हॉकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. यंत्र वाकडं आहे ना, असू दे. ते नेमकं कुठं किती वाकडं आहे ते एकदा मोजून घ्या आणि प्रत्येक वाचनातून संगणकाकरवी तेवढी चूक वजा करा. यंत्राची चूक दरवेळी तीच असेल, तर ती कळलेली असणं पुरेसं आहे. पुढं सीएमएम बनवणाऱ्या कंपन्यांनी ही पद्धत सर्रास उचलली. आज चाकण-भोसरीच्या एखाद्या क्वालिटी रूममध्ये सीएमएम चालवणाऱ्या ऑपरेटरला आपल्या प्रत्येक आकड्यामागं ही दुरुस्ती गुपचूप चाललेली असते, हे ठाऊक असायचंही कारण नाही. १९७८ साली एखाद्या मूल्यमापकाने या कामाचे निबंध मोजले असते, तर त्याच्या हाताला मूठभर कागद लागले असते.

याच यंत्राचं दुसरं प्रकरण जास्त बोचरं आहे. सीएमएम भोकाला मोजक्या बिंदूंवर स्पर्श करतं. त्या बिंदूंवरून वर्तुळ ठरवायचं काम सॉफ्टवेअरचं. भोक कधीच शंभर टक्के गोल नसतं, त्यामुळे त्या बिंदूंतून एकच एक वर्तुळ जात नाही. सरासरीने सर्वांत जवळचं घ्यायचं, की आत बसणारं सर्वांत मोठं घ्यायचं? पिन आत जायची असेल तर दुसरं उत्तर कामाचं. हा निवडीचा मुद्दा झाला. पण १९८८ च्या सुमाराला अमेरिकेत असं उघड झालं, की काही सॉफ्टवेअरचं गणितच गडबडत होतं. तेच बिंदू देऊनही वेगवेगळ्या पॅकेजेसची उत्तरं वेगवेगळी येत होती. म्हणजे यंत्र बरोबर, ऑपरेटर बरोबर, तापमानही बरोबर आणि तरी चांगला जॉब रिजेक्ट होऊन खराब जॉब पास होऊ शकत होता. यावर निस्टने सॉफ्टवेअर तपासायची सेवा उभी केली. उत्तरं आधीच पक्की माहीत असलेले बिंदूंचे संच कंपनीच्या सॉफ्टवेअरला द्यायचे आणि त्याची उत्तरं ताडून बघायची. यात नवं विज्ञान फारसं नाही. निव्वळ शैक्षणिक नजरेने पाहणारा परीक्षक याला ‘नेहमीचं काम’ म्हणून कमी गुण देईल, आणि माझ्या मते तो चुकेल. राष्ट्रीय प्रयोगशाळा असते ती याचसाठी. हे काम विक्रेत्या कंपनीने स्वतःच स्वतःसाठी करून भागत नाही.

मग फायदा पैशांत मोजावा? १९९३ साली अमेरिकेत कायदा झाला, की प्रत्येक सरकारी खात्याने आपली उद्दिष्टं आणि फलितं मोजून दाखवावीत. निस्टने अर्थतज्ज्ञांकडून अभ्यास करून घेतले. त्यातला एक १९९९ चा, वाहनउद्योगाचा. एका कंपनीने संगणकावर केलेलं डिझाइन दुसरीच्या प्रणालीत धड उघडत नाही, फाइल दुरुस्त करण्यात किंवा ड्रॉइंग नव्याने काढण्यात माणसांचे तास जातात. अमेरिकेच्या वाहन पुरवठा साखळीला त्याचा वार्षिक फटका किमान एक अब्ज डॉलरचा आहे, असा निष्कर्ष निघाला. याच दुखण्यावरचा इलाज म्हणजे ‘स्टेप’ हे आंतरराष्ट्रीय मानक. १९९४ पासून ते प्रसिद्ध होऊ लागलं, आणि ते घडवण्यात निस्टचा मोठा वाटा होता. २००२ च्या अभ्यासाने सांगितलं, की स्टेप पूर्ण वापरलं तर वर्षाला ९२.८ कोटी डॉलर वाचू शकतील, आणि त्यातले साधारण १७ टक्केच प्रत्यक्षात वाचतायत.

आकडे भारदस्त आहेत आणि अर्थसंकल्पाच्या वेळी उपयोगीही. तरी त्यांत पाणी मुरतं ते एका जागी. बचत झाली हे मान्य. पण त्यातली निस्टमुळे किती? मानक तयार होतं ते समितीच्या खोलीत, जिथं एकमेकांचे स्पर्धक एका टेबलाभोवती बसतात. तिथं सरकारी प्रयोगशाळेचं खरं भांडवल म्हणजे तिला कुणाचाच माल विकायचा नसतो. या तटस्थपणाची किंमत डॉलरमध्ये काढणारा अर्थतज्ज्ञ अजून माझ्या तरी वाचनात नाही.

आपल्याकडेही प्रयोगशाळा कशाने मोजायच्या हा वाद जुना आहे. सीएसआयआर या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळांचा आढावा घेणाऱ्या आबिद हुसेन समितीने १९८६ साली त्यांनी बाहेरून कमाई करावी यावर भर दिला. नंतर डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक असताना पेटंट हा परवलीचा शब्द झाला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेला ही दोन्ही परिमाणं शोभतात. तिथं नवा उत्प्रेरक किंवा नवी प्रक्रिया विकता येते. पण हीच फूटपट्टी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतल्या मापनविभागांना लावली, तर सगळं उलटंपालटं होतं. मापनाची पद्धत किंवा मानक जेवढं खुलं तेवढं मोलाचं. पेटंटमध्ये बंद केलं की त्याचं मानकपणच संपलं. आणि कॅलिब्रेशनच्या शुल्कातून मिळणारी रक्कम ही त्या सेवेच्या उपयोगाचा क्षुल्लक अंश असते. शुल्क वाढवून कमाई दाखवावी, तर छोटी युनिट्स कॅलिब्रेशनच टाळतात.

एका बाबतीत मात्र मापनवाल्यांचं नशीब इतर शास्त्रज्ञांपेक्षा चांगलं. त्यांच्या कामाचा गाभा तरी खरोखर मोजता येतो. ऑक्टोबर १९९९ मध्ये पॅरिसला अनेक देशांच्या राष्ट्रीय मापनसंस्थांनी, त्यात अमेरिकेची आणि भारताचीही, परस्परमान्यतेचा करार केला. तुमच्या प्रमाणपत्रावर आम्ही विश्वास ठेवू, आमच्यावर तुम्ही ठेवा. पण हा विश्वास फुकट मिळत नाही. तेच गेज ब्लॉक, तीच वजनं एका देशातून दुसऱ्या देशात फिरवली जातात. प्रत्येक संस्था मोजते आणि आकडा सूत्रधार संस्थेला कळवते. सगळ्यांचे आकडे येईपर्यंत दुसऱ्यांनी काय मोजलं हे कुणालाही ठाऊक नसतं. शेवटी सगळे एका तक्त्यात मांडले जातात. मी एवढ्या मायक्रॉनपर्यंत अचूक आहे असं म्हणणाऱ्याचा आकडा त्याने स्वतः सांगितलेल्या अनिश्चिततेच्या बाहेर पडला, तर ते सगळ्या जगाला दिसतं. निकाल खुल्या माहितीसाठ्यात कायम राहतात. कुठल्या विद्यापीठाची, कुठल्या मंत्रालयाची अशी परीक्षा होते?

यातून मिळतं ते रोखठोक. पिंपरी-चिंचवडमध्ये बनलेला इंजिनचा भाग डेट्रॉइटला जातो, तेव्हा इथल्या मायक्रोमीटरची साखळी स्लिप गेजमार्फत मान्यताप्राप्त कॅलिब्रेशन लॅबपर्यंत आणि तिथून राष्ट्रीय मानकापर्यंत पोचते. आणि दिल्लीचा मिलिमीटर गेदर्सबर्गच्या मिलिमीटरशी जुळतो हे या तक्त्यांनी आधीच दाखवलेलं असतं. ऑडिटला आलेला माणूस सर्टिफिकेटवरची तारीख आणि ट्रेसेबिलिटीची ओळ बघून फाइल मिटतो.

पण तक्ता फक्त एवढंच सांगतो, की तुम्ही जे मोजता ते नीट मोजता. जे मोजताय ते मोजायची गरज उरली आहे का, उद्या कारखान्याला काय मोजावं लागणार आहे, पन्नाशी उलटलेल्या निष्णात माणसाच्या हाताखाली कुणी तयार होतंय का, हे त्यात नसतं. त्यासाठी पुन्हा त्या दोन-तीन दिवसांच्या पाहणीकडेच यावं लागतं. मापनातलं बरंचसं ज्ञान हातात असतं, आणि एखादा माणूस निवृत्त झाला की यंत्र तेच राहून अनिश्चितता वाढते. हे आकडेवारीत उमटायला पाच-सात वर्षं लागतात. जाणकार पाहुण्याच्या ते दुपारच्या गप्पांत लक्षात येतं.

या पद्धतीचे दोषही उघड आहेत. मापनशास्त्राचं जग लहान. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच परिषदांना जातात, एकमेकांचे निबंध तपासतात. त्यामुळे अहवालांची भाषा सौम्य असते. ‘लक्ष देणं हितावह ठरेल’ या वाक्याचा अर्थ ‘हे धड चाललेलं नाही’ असा घ्यायला वाचणाऱ्याने शिकावं लागतं. काय दाखवायचं ते बहुतांशी प्रयोगशाळाच ठरवते. आणि मंडळात मोठ्या कंपन्यांचे संशोधनप्रमुख असतात, पण दहा-बारा मशिनांचं जॉबवर्क करणारा वर्कशॉपवाला सहसा नसतो. सीएमएमच्या सॉफ्टवेअरने चुकीचा जॉब पास केला, तर पहिला फटका त्यालाच बसतो. तीन दिवस दुकान बंद ठेवून विनामोबदला गेदर्सबर्गला जाणं त्याला परवडणार नाही, हे खरं. पण त्याला बोलतं करायची दुसरी वाट शोधता आली असती.

शिवाय चांगल्या शेऱ्याने कुणाला अभय मिळत नाही. तज्ज्ञमंडळ कामाचा दर्जा सांगतं. प्रयोगशाळेची रचना ठरते वरच्या मजल्यावर. कौन्सिलने उत्पादन अभियांत्रिकी प्रयोगशाळेचं मूल्यमापन केलं त्याच २०१० साली निस्टची फेररचना झाली आणि ऑक्टोबरपासून त्या नावाची प्रयोगशाळा राहिली नाही. यंत्रमानव आणि संगणकप्रणालीची मंडळी इमारत व अग्निसंशोधनवाल्यांबरोबर नव्या ‘अभियांत्रिकी प्रयोगशाळे’त गेली, तर गेज ब्लॉक मोजणारे भौतिक मापनाच्या प्रयोगशाळेत. यंत्रं बहुतेक त्याच खोल्यांत राहिली. पुढच्या तज्ज्ञमंडळांना तेच काम दोन वेगळ्या दारांतून जाऊन तपासावं लागलं.